आडवी कुंडी

“मग आता काय, मरू द्यायची म्हणता?”

अनंतराव बर्ग्यांनी हे विचारलं तेव्हा कुंडी त्यांच्या मांडीवर होती. वाईहून एसटीनं आणलेली. कंडक्टरनं खाली ठेवा म्हटलं म्हणून त्याच्याशी भांडून आले होते.

आक्का तांदूळ निवडत होत्या.

मी इथला गुरव. डोंगराच्या पायथ्याच्या या महादेवाची पूजा माझ्याकडं, आणि आक्कांचा चहाही माझ्याकडंच. आक्का देवळाच्या ओवरीत राहतात. कुठून आल्या, आधी कोण होत्या, आता कुणी विचारत नाही. लोक प्रश्न घेऊन येतात. आक्का काहीतरी निवडत नाहीतर शिवत बसलेल्या असतात. उत्तर मिळेलच असं नाही, तरी लोक येतात. मला तर कधी कधी वाटतं, माझ्या चहालाच येतात.

अनंतराव नेमानं येणाऱ्यातले. माणूस भला, पण हाताचा गर्व भारी. वाईच्या त्यांच्या अंगणात गुलाब असे, की प्रदर्शनात दुसऱ्यांनी कुंड्या आणायच्या त्या नुसत्या जागा भरायला. ‘मी काठी रोवली तरी पालवी फुटते,’ असं ते स्वतःच सांगायचे. आम्ही हो म्हणायचो, कारण खरं होतं.

आणि आता त्याच हातानं एक रानटी रोप जगेना.

“चवर आहे ही,” ते म्हणाले. “रानहळदीची जात. आमच्या हिच्या माहेरची, वरच्या उंबरदरीची.”

“ओळखते मी,” आक्का म्हणाल्या.

चवर इथं कोण ओळखत नाही... भाद्रपदात डोंगरभर असते. हळदीसारखी पानं, मधून दांडा, दांड्याला गुलाबी तुरा आणि खाली चिमुकली पिवळी फुलं. उंबरदरीत गौरीच्या हातात चवरच लागते. इंदूवहिनी अनंतरावांशी लग्न होऊन वाईला गेल्या तशी त्यांची आई दर वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी फडक्यात गुंडाळून चवर धाडायची. म्हातारी या श्रावणात गेली. जायच्या आधी, पाऊस लागायच्या सुमाराला, तीन कंद जावयाच्या हातावर ठेवून म्हणाली होती, आता तुम्हीच लावा.

अनंतरावांनी लावले. तीन कुंड्यांत. पानं आली तरारून. दसरा झाला आणि पानं पिवळी पडायला लागली.

“हळदीचा पाला पौषात वाळतो, आक्का. आम्ही वाईची माणसं, हळद आम्हाला कोण शिकवणार. हिचा आश्विनातच वाळायला लागला. म्हणजे रोगच की नाही?”

“मग?”

“मग काय. पहिलीला शेणाचं पाणी दिलं, पेंड दिली, दोन वेळ पाणी. उकरून बघितलं तर कंदाचा चिखल झालेला.”

“दुसरी?”

अनंतरावांनी कुंडी मांडीवर सावरली.

“दुसरीला पाणी कमी केलं. पण रोज उकरून बघत होतो, जिवंत आहे का ते. एकदा धुऊन, ब्लेडनं चिरूनही बघितलं.”

“होता जिवंत?”

“होता... तेव्हा होता.”

मला हसू आलं, ते मी कपबशीत लपवलं. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग.

“ही तिसरी,” ते म्हणाले. “शेवटची. आता हिचंही तेच सुरू झालंय.”

कुंडीतून पाणी ठिबकून त्यांचं धोतर भिजलं होतं. त्यांना पत्ता नव्हता.

आक्कांनी एक खडा वेचून बाजूला ठेवला.

“डोंगरावर आत्ता चवर आहे का रे, अनंता?”

“आत्ता? दिवाळी झाली, आक्का. आता कुठली चवर.”

“मेली?”

“मेली कशी... दिसत नाही एवढंच. येईल पावसात परत.”

“पाणी कोण घालतंय तिला?”

अनंतरावांनी डोंगराकडं पाहिलं. गवत वाळून तांबूस झालं होतं. मग कुंडीकडं पाहिलं आणि ती जरा जवळ ओढून घेतली.

“डोंगराची गोष्ट निराळी. ही घरातली आहे.”

“घरातली...” आक्का म्हणाल्या, आणि मग एकदम विचारलं, “इंदू कशी आहे?”

“आहे. बरी आहे.”

“माहेरी कधी गेली होती?”

“आई गेली तेव्हा गेली होती की. तिसऱ्या दिवशी आणली परत.”

“त्याआधी?”

“त्याआधी... तिच्या भावाच्या, सोपानच्या थोरल्या लेकीच्या लग्नाला. सकाळी गेलो, संध्याकाळी आलो.”

“राहायला कधी गेली, ते विचारतेय.”

अनंतरावांनी आठवून पाहिलं.

“मुऱ्हाळी येत नाही तिला?” आक्कांनी विचारलं.

मुऱ्हाळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. बहुतेक भाऊच. आता जीप झाल्या, फोन झाले, पण आमच्या डोंगरात अजून मुऱ्हाळी आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. माहेरच्यांनी माणूस धाडायचा आणि सासरच्यांनी तो मान राखायचा.

“येतो की,” अनंतराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. “सोपान येतो. आमच्याकडं मुऱ्हाळ्याचा मान मोठा असतो, आक्का. मागच्या खेपेला बासुंदी केली होती. रात्री ठेवून घेतला. जाताना गुलाबाची कलमं दिली बांधून.”

“बासुंदी कुणी केली?”

“इंदूनं.”

“आणि गेली?”

“कशी जाणार? कलमांचे दिवस होते. मला एकट्याला उरकत नाही. पुढच्या वेळी ने म्हटलं त्याला.”

“पुढच्या वेळी आला?”

“आला होता.”

“मग?”

“...बासुंदीच केली.”

आक्का तांदूळ निवडायच्या थांबल्या. आता मलाही हसू येईना. भावाला जेवायला वाढून, कलमं हातात देऊन, त्याला दारापर्यंत पोचवून परत चुलीशी येणारी बाई माझ्या डोळ्यापुढं आली. अशी बाई माझ्याही घरात आहे. असो.

“आक्का,” अनंतराव जरा कातावूनच म्हणाले, “मी चवरीचं विचारायला आलोय.”

“मग मी कुणाचं बोलतेय?”

नंदीवर खार बसली होती, ती उतरून गेली.

मग अनंतरावांचा आवाज खाली आला.

“ह्या वर्षी गौरीच्या हातात तिनं प्लॅस्टिकचं फूल ठेवलं. बाजारातनं आणलेलं. मी म्हटलं, अगं थांब, आईनं कंद दिलेत, पुढच्या गौरीला अंगणातली चवर देतो तुला. तर म्हणाली, ‘असू द्या.’ भांडली असती तर बरं वाटलं असतं. नुसतं ‘असू द्या’ म्हणाली आणि आत गेली. तेव्हापासून मला चैन नाही, आक्का. ही एवढी फुलली पाहिजे. बाकी मला काही नको.”

आक्का उठल्या. गुडघे धरून उठल्या, कारण उठताना त्यांना त्रास होतो. अनंतरावांच्या मांडीवरची कुंडी दोन्ही हातांनी घेतली. चुलीमागं लाकडं रचलेली असतात, तिथं कोरड्यात गेल्या आणि कुंडी सरळ आडवी घातली. लेकराला कुशीवर निजवावं तशी. भोकातून काळं पाणी वाहायला लागलं.

अनंतराव ताडकन उभे राहिले.

“आक्का, शेवटची आहे. तिच्या आईच्या हातची आहे.”

“म्हणून तर,” आक्का म्हणाल्या.

“पण पाणी...”

“सोपानला निरोप धाड. ये म्हणावं.”

“किती दिवसांसाठी नेऊ दे?”

आक्का पुन्हा ताटाशी बसल्या.

“मी आणायला कधी जाऊ?”

“जाऊ नकोस.”

“आणि ती आलीच नाही तर?”

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. “ह्याचा चहा गार झाला, दुसरा दे,” म्हणाल्या.

दुसरा चहा अनंतरावांनी घेतलाच नाही. मीच प्यायलो.

सोपान आला. बासुंदीच्या तयारीनं आला असावा, कारण रिकाम्या हातानं परत जायची त्याला सवय झाली होती. या खेपेला बहिणीला घेऊन गेला. जीप आमच्याच देवळावरून वर जाते, मी पाहिलं. इंदूवहिनी पुढच्या सीटवर बसल्या होत्या. आक्कांना त्यांनी गाडीतूनच हात जोडले. चेहऱ्यावर असं, की आपण खरंच निघालोय का याचीच खात्री नाही.

पुढं अनंतरावांच्या खेपा वाढल्या. इकडं काम होतं, म्हणायचे. आमच्या गावात त्यांचं कसलं काम... येऊन बसायचे आणि नजर लाकडांच्या मागं. मला आक्कांनी बजावून ठेवलं होतं, लाकूड घेताना कुंडीला धक्का लावायचा नाही, आणि अनंताला तिकडं फिरकू द्यायचं नाही. आता मी पूजा करू की राखण करू.

पौषात एकदा मी फुलं आणायला गेलो नि हा माणूस सटकला. येऊन बघतो तर लाकडांमागं उकिडवा बसलेला, बोट कुंडीच्या मातीत पार मुळापर्यंत.

माझ्यामागून आक्का आल्या.

“काय करतोयस?”

“नाडी बघतोय,” अनंतराव म्हणाले. बोट काढलं नाही.

“लागली?”

“काहीतरी कठीण लागतंय. दगडासारखं. कंद आहे की दगड, कळेना.”

“इंदू काय म्हणते?”

“बरी आहे. फोन करतो मी.”

“रोज?”

“सकाळी करतो... आणि संध्याकाळी. दुपारी जेवली का, तेवढं एक विचारतो.”

आक्का त्यांच्या बोटाकडं पाहत राहिल्या.

अनंतरावांनी हळूच बोट बाहेर काढलं. धोतराला पुसलं.

खाली मान घालून म्हणाले, “ती फोनवर हसते, आक्का. मागं तिची वहिनी असते, पोरं असतात, कायतरी चाललेलं असतं, आणि ती हसत हसत फोनवर येते. मी ‘मी बोलतोय’ म्हटलं की थांबते. आमच्या घरात असं हसलेली मला आठवत नाही.”

आक्का त्यांच्या शेजारी बसल्या. आपले गुडघे विसरून खाली बसल्या, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

“मग उद्या,” त्या म्हणाल्या, “‘मी बोलतोय’ म्हणू नकोस.”

“मग काय म्हणू?”

“काही म्हणू नकोस. ऐक.”

त्यानंतर ते बरेच दिवस आले नाहीत. मला चुकल्यासारखं झालं. आले तेव्हा शिमगा उलटून गेला होता, आणि लाकडांकडं त्यांनी पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवून नव्हे, विसरले असावेत. भाकरी कशी थापायची ते मला विचारायला लागले. मी म्हटलं, आमच्या घरची सांगेल. तर वहीबिही काही नाही, तिच्यासमोर पाटावर बसून पीठ मळून दाखवलं गृहस्थानं. पहिली भाकरी आमच्या म्हशीला गेली. म्हशीनंही विचार करून खाल्ली.

वैशाखात इंदूवहिनी परत आल्या.

हे मला अनंतरावांनीच सांगितलं, आणि सांगताना तीनदा सांगितलं. भर दुपारची वेळ. पिठलं खाली लागलं होतं, घरभर वास. दारात कोण म्हणून बघतात तर ह्या, डोक्यावर करवंदांची पाटी. निरोप नाही, फोन नाही, सोबत कुणी नाही.

“म्हणाली, ‘पिठल्याला एवढा जाळ कुणी सांगितला?’” अनंतराव सांगत होते. “एवढंच म्हणाली, आक्का. आणि तेच पिठलं जेवली. करपलेलं.”

“तू काय म्हणालास?”

“काही नाही. ऐकलं.”

आक्कांनी मान हलवली. त्या दिवशी माझ्या चहाला त्यांनी चांगला म्हटलं. असं वर्षा-दोन वर्षातनं एखाद्या वेळी होतं.

पुढं पाऊस सुरू झाला. आक्का मला म्हणाल्या, “उभी कर ती.” मी कुंडी लाकडांमागनं काढली, अंगणात पागोळ्यांखाली उभी ठेवली. माती आटून कडेनं सुटली होती. मला तर त्यात काही जीव वाटत नव्हता. आक्कांना तसं म्हटलंसुद्धा. आक्का म्हणाल्या, “मला काय कळतंय झाडातलं.”

एके सकाळी पूजेचं पाणी घ्यायला गेलो, तर मातीतनं हिरवं टोक वर आलेलं. खिळ्याएवढं. मी कळशी तिथंच ठेवली आणि आक्कांना हाक मारली. मला का एवढा आनंद झाला, सांगता येणार नाही. माझं काही त्यात नव्हतं.

कुंडी न्यायला इंदूवहिनी स्वतः आल्या. एसटीत मांडीवर घेऊन गेल्या. कंडक्टर काही बोलला नाही म्हणे.

आणि भाद्रपदात चवर फुलली.

गौरी जाऊन थोडे दिवस झाले होते. दोघं देवळात आली. कुंडी बरोबर होती, आक्कांना दाखवायला आणलेली. तुरा जरा उतरला होता, पण गुलाबी होता. अनंतरावांची छाती पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. चालायचंच. जित्याची खोड.

“गौरीच्या हातात ठेवली, आक्का,” ते म्हणाले. “ही बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, आई आली.”

इंदूवहिनींनी पदर डोळ्याला लावला, आणि लगेच हसल्या. मोकळं हसल्या. अनंतराव बोलता बोलता थांबून त्यांच्याकडं बघत राहिले. मी ओवरीत असून नसल्यासारखा झालो.

मी चहा टाकला. साखर जरा जास्तच घातली.

वहिनींच्या पायाशी एक पिशवी होती. मला वाटलं, प्रसाद असेल. लुगडं डोकावत होतं.

“कुठं निघालीस?” आक्कांनी विचारलं.

“वर,” वहिनी म्हणाल्या. “आमच्या सड्यावर, वरच्या पठारावर, सोनकी फुललीय म्हणे. पिवळं धमक झालंय सगळं. बघून येते.”

“मुऱ्हाळी?”

“नाही बोलावला. जीप येईल आता, तिनं जाईन.”

“तेच म्हणतोय मी,” अनंतराव पुढं सरसावले. “आक्का, तुम्हीच सांगा हिला. सोनकी बघायला डोंगर कशाला चढायचा? पुढच्या वर्षी अंगणात लावून देतो. आणि आता मला सगळं उमगलंय. चवरीचं कसं असतं, ते मी बसवलंय नीट. दसरा झाला की पानं पिवळी पडणार. मग पाणी बंद, कुंडी आडवी, आणि त्याच दिवशी हिला माहेरी पाठवायची. मी स्वतः पाठवणार, मुऱ्हाळ्याचीसुद्धा वाट बघणार नाही. वैशाखात परत. सगळं शिस्तीत. अजून दसरा पंधरा दिवस लांब आहे, आणि ही आत्ताच निघाली...”

खालच्या वळणावर जीपचा भोंगा वाजला.

इंदूवहिनींनी पिशवी उचलली. आक्कांच्या पाया पडल्या. नवऱ्याला म्हणाल्या, “पिठल्याला जाळ कमी ठेवा.” आणि पायऱ्या उतरून गेल्या. चाल अशी, की वय दहा वर्षांनी उतरलेलं.

अनंतराव कुंडीजवळ उभे राहिले. जीप वर चढताना दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

“बघितलंत?” ते म्हणाले. रागावले नव्हते. पोरासारखे गोंधळले होते. “मला विचारलं पण नाही, आक्का.”

आक्कांनी चवरीच्या पानावर बसलेली धूळ पदरानं पुसली.

“आली तेव्हा तरी विचारून आली होती का रे?”